फोर-बाय-टू घ्यावी की फोर-बाय-फोर? थारसारखी गाडी प्रथमच घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने थारची रिअर-व्हील ड्राइव्ह आवृत्ती बाजारात आणली आणि तेव्हा सुरू झालेला वाद अजूनही मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली नवी थार केवळ फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी, म्हणूनच मिळत होती. आता तोच चेहरा, तीच उंची आणि तेच चौकोनी अंग असलेली, पण फक्त मागच्या दोन चाकांना ताकद पुरवणारी गाडी कमी किमतीत मिळू लागली. पुढची चाके नुसती मागून ढकलली जाणारी थार हा निव्वळ देखावा आहे, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. वर्षातून एकदाही फोर-बाय-फोरच्या लिव्हरला हात न लावणाऱ्या माणसाने त्या लिव्हरचे पैसे का भरावेत, असा दुसऱ्या पक्षाचा प्रश्न आहे.

मी दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवून पाहिल्या आणि शेवटी मागच्या चाकांवर चालणारी डिझेल थार घेतली. त्या वेळी शोरूममध्ये, मित्रांमध्ये आणि घरातही जो गोंधळ झाला, तो इतरांना टाळता यावा म्हणून हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा गाड्या दोन चाकांच्या, म्हणजे फोर-बाय-टू, स्वरूपात जरूर विकाव्यात, परंतु विकणाऱ्याने त्यांच्या मर्यादा झाकू नयेत आणि घेणाऱ्याने आपली गरज गाडीच्या रूपावरून नव्हे, तर आपण जिथे जातो त्या जमिनीवरून ठरवावी.

दोन चाकांची जीप हा कोणी नव्याने केलेला भ्रष्टाचार आहे, असेही नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून वडाप करणाऱ्या ट्रॅक्स आणि कमांडर बहुतांशी मागच्या चाकांवरच चालत आल्या आहेत, आणि क्षमतेच्या दुप्पट माणसे भरून त्यांनी कच्चे रस्ते तुडवले आहेत. अमेरिकेतही जीप बनवणाऱ्या विलीजने १९५० च्या दशकाच्या मध्यात डिस्पॅचर नावाची दोन चाकांची जीप काढली आणि त्याच घराण्यातल्या गाड्या पुढे टपाल वाटपासाठी वर्षानुवर्षे वापरात राहिल्या. चार दारांची जीप रँगलरसुद्धा तिथे काही वर्षे दोन चाकांच्या आवृत्तीत मिळत होती.

## १. तुमची सध्याची गाडी कशाने अडते, ते आधी लिहून काढा

शोरूममध्ये जाण्यापूर्वी एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात सध्याची गाडी जिथे जिथे अडली, घसरली किंवा जिथून परत फिरवावी लागली, त्या जागा आठवून लिहा. प्रत्येक जागेपुढे अडण्याचे कारण लिहा. ही कारणे तीनच प्रकारची असतात.

पहिले कारण म्हणजे गाडीचे पोट टेकणे. चाकोरीतला मधला उंचवटा, वर आलेला दगड किंवा खचलेली मोरी यांमुळे गाडी खालून घासते. इथे कमतरता उंचीची असते, ताकदीची नसते. तीन दारांच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलीमीटर आहे आणि फोर-बाय-टू गाडी या बाबतीत फोर-बाय-फोरच्या बरोबरीने चालते. म्हणजेच हा प्रश्न दोन चाकांची गाडीही पूर्णपणे सोडवते.

दुसरे कारण म्हणजे चाक जागच्या जागी फिरणे. ओल्या गवतावर, चिखलात किंवा वाळूत चाकाला पकड मिळत नाही आणि गाडी पुढे सरकत नाही. हा पकडीचा प्रश्न आहे. त्याची उत्तरे टायर, डिफरन्शिअल लॉक (तो काय, ते चौथ्या पायरीत पाहू) आणि फोर-व्हील ड्राइव्ह अशी तीन आहेत, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती याच क्रमाने तपासून पाहावीत.

तिसरे कारण म्हणजे दम न पुरणे किंवा वेग न आवरणे. दगडधोंड्यांच्या उभ्या चढावर गाडी माणसाच्या चालीने चढवायची असेल, किंवा तशाच उतारावर ब्रेकवर पाय न ठेवता सावकाश उतरवायची असेल, तर साधा पहिला गिअर पुरत नाही. तिथे लो गिअर, म्हणजे वेग घटवून ताकद वाढवणारी गिअरची वेगळी जोडी, लागतो, आणि या वर्गातल्या गाड्यांमध्ये तो फोर-बाय-फोरबरोबरच येतो. टायर बदलून किंवा लॉक बसवून त्याची उणीव भरून निघत नाही.

तुमच्या कागदावर पहिलेच कारण पुन्हा पुन्हा येत असेल, तर निर्णय जवळजवळ झालेलाच आहे. तिसरे कारण एकदाही खऱ्या अर्थाने आले असेल, तर पुढचा मजकूर अधिक लक्षपूर्वक वाचा. कागद कोराच राहिला, तर मात्र प्रश्न गरजेचा नसून हौसेचा आहे. हौसेला मोल असते, ते जाणूनबुजून मोजावे एवढेच.

## २. शब्दांचा घोळ मिटवा

विक्री प्रतिनिधी पुष्कळदा सगळ्या संज्ञा एकाच दमात वापरतात, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ उडतो.

फोर-बाय-टू म्हणजे एकूण चार चाके, त्यांपैकी दोनच इंजिनाने फिरणारी. आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. थार फोर-बाय-टू मागच्या चाकांवर चालते आणि हा फरक महत्त्वाचा आहे. चढावर गाडीचा भार मागे सरकतो. त्यामुळे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पकड नेमकी चढावर कमी होते, तर मागच्या चाकांवर चालणारीची वाढते. उलट, मागे कोणीही बसलेले नसताना आणि सामान नसताना ओल्या, गुळगुळीत जागी अशा गाडीची शेपटी घसरू शकते. एक्सलरेटर हलक्या पायाने दाबण्याची सवय लावून घेणे हाच त्यावरचा पहिला उपाय आहे.

ऑल-व्हील ड्राइव्ह ही आणखी वेगळी व्यवस्था आहे. तिच्यात संगणक गरजेनुसार दुसऱ्या ॲक्सलकडे ताकद पाठवतो, पण बहुधा लो गिअर नसतो. पावसाळी घाटात आणि बर्फाळ डांबरी रस्त्यावर ती उपयोगी पडते. दगडांतून वाट काढण्यासाठी ती बनवलेली नसते.

थार आणि मारुतीची जिम्नी यांच्यातली व्यवस्था पार्ट-टाइम फोर-बाय-फोर म्हणून ओळखली जाते. ट्रान्सफर केस म्हणजे दोन्ही ॲक्सलकडे ताकद वाटणारी पेटी. तिच्या लिव्हरवर टू-हाय (फक्त मागची चाके), फोर-हाय (चारही चाके, नेहमीचे गिअर) आणि फोर-लो (चारही चाके, लो गिअर) अशा जागा असतात. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये गतीतला फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शिअल नसल्यामुळे फोर-हायमध्ये दोन्ही ॲक्सल एकाच गतीने फिरतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते, तो फरक सैल मातीत चाक किंचित घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही आणि सगळा ताण गिअर व शाफ्टवर येतो. म्हणून पार्ट-टाइम फोर-बाय-फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचीच नसते. महामार्गावर सुरक्षितता वाढते, या समजुतीने फोर-हाय लावून धावणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या ट्रान्सफर केसची मला दया येते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. फोर-व्हील ड्राइव्हमुळे गाडी सुटायला मदत होते, थांबायला होत नाही. ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांत असतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायर आणि वेग ठरवतात.

## ३. तुमची जमीन कोणती, ते ठरवा

माझ्या मते संपूर्ण निर्णयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. ‘ऑफ-रोड’ या एका शब्दाखाली आपण परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या जमिनी एकत्र करतो.

घाट हा ऑफ-रोड नव्हे. ताम्हिणी असो, आंबोली असो की आंबेनळी, हे सगळे डांबरी रस्ते आहेत. तिथे एसटी रोज जाते. धो धो पावसात तिथे लागतात ते चांगले टायर, चालणारे वायपर आणि मागच्या गाडीच्या हॉर्नला न जुमानण्याचा धीर. केवळ घाटासाठी फोर-बाय-फोर घेऊ नका.

कोकणातल्या जांभ्याच्या वाटा उन्हाळ्यात दोन चाकांच्या गाडीला मुळीच जड जात नाहीत, कारण खडबडीत जांभ्यावर पकड उत्तम मिळते. पावसाळ्यात मात्र त्याच कातळावर शेवाळ धरते आणि उतारावरच्या लाल मातीचे लोणी होते. घर मुख्य रस्त्यापासून आत, उताराच्या तळाशी असेल आणि पावसाळ्यातही रोज वर यायचे असेल, तर फोर-बाय-फोर ही चैन राहत नाही. तेच घर सपाटीवर असेल, तर दोन चाके आणि डांबर व माती दोन्हींवर चालणारे चांगले ऑल-टेरेन टायर पुरतात.

मराठवाडा, विदर्भ आणि देशावरची काळी माती हे वेगळेच प्रकरण आहे. पावसाळ्यातल्या पाणंद रस्त्यावर ही माती टायरच्या खाचांत भरते आणि काही फुटांतच टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाके फिरत असली, तरी ती चारही जागच्या जागीच फिरतात. खोल खाचा असलेले, चिखलासाठीचे मड-टेरेन टायर नसतील, तर इथे फोर-बाय-फोर तुम्हाला फक्त शेताच्या अधिक आतपर्यंत नेऊन रुतवते आणि ट्रॅक्टर बोलवायला तेवढेच जास्त चालावे लागते. ज्यांची शेती काळ्या रानात आहे, त्यांनी ड्राइव्हवर खर्च करण्याआधी टायरचा विचार करावा, आणि मोठ्या पावसानंतर वाफसा येईपर्यंत गाडी डांबरावरच ठेवावी. आपल्या वडीलधाऱ्यांनी बैलगाडीच्या काळातही हेच केले.

समुद्रकिनाऱ्याबद्दल स्पष्टपणे लिहितो. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई आहे आणि महाराष्ट्रातही अनेक किनाऱ्यांवर स्थानिक बंदी असते. कायदा बाजूला ठेवला, तरी भरतीचे पाणी लिव्हर पाहून थांबत नाही. कोकणात दर मोसमात वाळूत रुतून लाटांच्या तावडीत सापडलेल्या गाड्यांच्या बातम्या येतात, आणि त्यांत फोर-बाय-फोरही असतात. ‘किनाऱ्यावर चालवता येईल’ हे कारण तुमच्या कागदावर असेल, तर ते खोडून टाका.

फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्याचेही तसेच आहे. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलीमीटर सांगितली जाते, ती दोन्ही आवृत्त्यांना सारखीच समजा, आणि ती संथ पाण्यासाठी आहे. वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते, तळाखालून उचलते आणि चाकांवरचा भार हलका करते. भार गेला की पकड गेली. मग चाके दोन फिरतात की चार, याला अर्थ उरत नाही.

हिमालयाची हौस असेल, तर एक व्यावहारिक मुद्दा लक्षात ठेवा. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे, अटल बोगद्याच्या दिशेने, पोलीस बहुधा फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. उन्हाळ्यातल्या लडाख किंवा स्पितीच्या प्रवासाला असा प्रश्न येत नाही; तिकडे साध्या मोटारीही जातात.

## ४. डिफरन्शिअल समजून घेतल्याशिवाय सही करू नका

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त फिरावे लागते, आणि ते शक्य व्हावे म्हणून ॲक्सलच्या मध्यभागी डिफरन्शिअल असतो. या यंत्रणेचा दोष असा की, एक चाक हवेत उचलले गेले किंवा चिखलात गेले, तर तेच भन्नाट फिरत राहते आणि घट्ट जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. म्हणून साध्या डिफरन्शिअलची फोर-बाय-फोर गाडीसुद्धा, पुढचे एक आणि तिरप्या बाजूचे मागचे एक चाक उचलले गेले की, जागेवर अडकू शकते.

यावर दोन उपाय असतात. पहिल्यात संगणक मोकाट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवतो. हा उपाय स्वस्त आहे, बऱ्यापैकी काम करतो, पण सततच्या वापराने ब्रेक तापतात. दुसऱ्यात डिफरन्शिअल यांत्रिक किंवा विद्युत पद्धतीने बंदच केला जातो आणि दोन्ही चाके एकजीव फिरतात. याला बोलीत लॉकर म्हणतात. फोर्स गुरखामध्ये पुढे आणि मागे असे दोन्हीकडे लॉकर येतात, म्हणूनच ती गाडी दिसायला साधी असूनही जाणकारांत मान मिळवून आहे.

मागे लॉकर असलेली दोन चाकांची गाडी आणि लॉकर नसलेली चार चाकांची गाडी यांत कोण पुढे जाईल, हे जमिनीवर अवलंबून असते. खड्ड्याखड्ड्यांच्या वाटेवर पहिली अनेकदा सहज निघून जाते, सरसकट निसरड्या चढावर दुसरी. त्यामुळे शोरूममध्ये ‘फोर-बाय-फोर आहे का’ एवढेच विचारू नका. ‘या व्हेरिअंटमध्ये मागचा डिफरन्शिअल लॉक होतो का, की फक्त ब्रेकने आवरला जातो, आणि तो कोणत्या वेगापर्यंत काम करतो’ असे विचारा. व्हेरिअंट बदलला की ही सुविधा बदलते आणि कंपन्या वेळोवेळी तिच्यात फेरफार करतात. म्हणून तोंडी उत्तरावर न थांबता त्या महिन्याचे छापील माहितीपत्रक मागून घ्या.

माझी एक तक्रार कोणा एका कंपनीविषयी नसून एकूण प्रथेविषयी आहे. दोन चाकांच्या दणकट गाडीला खरी गरज मागच्या लॉकरची असते, आणि तोच बहुधा चार चाकांच्या महागड्या व्हेरिअंटसाठी राखून ठेवला जातो. अशी गाडी विकायचीच असेल, तर निदान पैसे भरून घेण्याचा पर्याय म्हणून तरी लॉकर तिच्यात द्यायला हवा.

## ५. किमतीतला फरक नेमका कशाचा, ते वेगळे काढा

या पायरीवर सर्वाधिक लोक फसतात. थारच्या दोन चाकांच्या डिझेल गाडीची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ९.९९ लाख रुपये होती आणि फोर-बाय-फोर डिझेल तिच्यापेक्षा बरीच महाग होती. हा सगळा फरक पुढच्या ॲक्सलचा आणि ट्रान्सफर केसचा आहे, असे अनेकांना वाटते. तो तसा नाही.

दोन चाकांच्या डिझेल थारमध्ये १.५ लिटरचे, ११७ बीएचपी ताकदीचे इंजिन आहे, तर फोर-बाय-फोर डिझेलमध्ये २.२ लिटरचे, १३० बीएचपीचे. आपल्याकडे चार मीटरपर्यंत लांबीच्या गाडीत १५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असेल, तर ती छोट्या मोटारीच्या कर-वर्गात बसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गाला १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. तीन दारांची थार ३,९८५ मिलीमीटर लांब आहे. त्यामुळे १.५ लिटरची गाडी १८ टक्क्यांत येते आणि २.२ लिटरची ४० टक्क्यांत. पेट्रोलसाठी मर्यादा १२०० सीसीची असल्याने २ लिटरची पेट्रोल थार, चाके दोन फिरोत की चार, ४० टक्क्यांतच राहते. चार मीटरच्या आत असलेली जिम्नीसुद्धा १.५ लिटरच्या पेट्रोल इंजिनामुळे त्याच वर्गात आहे, आणि पाच दारांची थार रॉक्स तर लांबीमुळेच.

थोडक्यात, करनियमांत ड्राइव्हचा उल्लेखच नाही. स्वस्त थारची स्वस्ताई मोठ्या प्रमाणात इंजिनाच्या आकारातून आलेली आहे. म्हणून ड्राइव्हची खरी किंमत जाणून घ्यायची असेल, तर एकच इंजिन, एकच गिअरबॉक्स आणि शक्य तितके सारखे व्हेरिअंट असलेल्या दोन गाड्यांची कोटेशन घ्या. पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये तशी तुलना करता येते. डिझेलमध्ये मात्र तुम्ही ड्राइव्ह आणि इंजिन दोन्ही एकदम निवडत असता, हे भान ठेवा. कमी ताकदीचे इंजिन दोन चाकांच्या गाडीला कमी पडते, असा माझा अनुभव नाही.

त्यानंतर रोड टॅक्स. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के लागतो. डिझेलला तेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. कंपनीच्या नावावर गाडी घेतल्यास दर आणखी चढतो. म्हणजे एक्स-शोरूम किमतीतला फरक ऑन-रोड होताना वाढत जातो, आणि विम्याचा हप्ताही गाडीच्या किमतीबरोबर चढतो. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, बुडीत धरू नका.

## ६. पर्याय पाहा, पण यादी छोटी ठेवा

दोन्ही ड्राइव्हचे पर्याय देणाऱ्यांत तीन दारांची थार, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली पाच दारांची थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन या महिंद्राच्या गाड्या येतात. रॉक्समध्ये फोर-बाय-फोर हवी असेल, तर डिझेलच घ्यावे लागते. टोयोटाची फॉर्च्युनरही दोन्ही प्रकारांत मिळते, पण तिचे अंदाजपत्रक वेगळे.

मारुती सुझुकीने उलट मार्ग धरला. जून २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी आपल्याकडे केवळ फोर-बाय-फोर म्हणूनच विकली जाते. ती हलकी आहे, आणि निसरड्या जागी हलकेपणा हा मोठा गुण असतो. तिची दोन चाकांची स्वस्त आवृत्ती आली असती, तर शहरात ती अधिक दिसली असती, असे मला वाटते. मात्र जिम्नी घेणाऱ्याला आपण काय घेतले याबद्दल कधी शंका पडत नाही, हेही खरे आहे. गुरखाही फोर-बाय-फोरच येते.

दोन चाकांच्या आवृत्तीला माझा पाठिंबा आहे तो याच कारणासाठी की, ती नसती तर गावाकडच्या खडबडीत रस्त्यासाठी फक्त उंची आणि लॅडर फ्रेमचा, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्याचा, कणखरपणा हव्या असलेल्या माणसाला एक तर नको असलेली यंत्रणा विकत घ्यावी लागली असती, किंवा फक्त दिसायला उंच असलेली, पुढच्या चाकांवर चालणारी शहरी गाडी. माझा आक्षेप जाहिरातींना आहे. एकच नाव असलेल्या दोन गाड्यांपैकी चार चाकांची गाडी दगडांवर चढताना दाखवायची आणि खाली दोन चाकांच्या गाडीची किंमत छापायची, ही पद्धत बंद व्हायला हवी.

## ७. टेस्ट ड्राइव्ह स्वतःच्या रस्त्यावर मागा

शोरूमच्या भोवती मारलेल्या गुळगुळीत फेरीतून काहीही कळत नाही. शक्य असल्यास तुमच्या घराची किंवा शेताची वाट मागा. ते जमत नसेल, तर जवळचा कच्चा चढ सुचवा. गाडी चढाच्या मध्यावर थांबवा आणि पुन्हा सुरू करून पाहा. एकट्याने आणि मागे दोन माणसे बसवून, असे दोन्ही प्रकारे हे करा. दोन चाकांच्या गाडीत या दोहोंतला फरक लगेच जाणवतो.

फोर-बाय-फोर पाहत असाल, तर लिव्हर स्वतःच्या हाताने फोर-लोमध्ये टाकून बघा. ती बऱ्यापैकी जोर लावून हलते. घरातल्या इतर चालकांनाही ती जमते का, ते तिथेच तपासा. तीन दारांच्या फोर-बाय-टू थारमध्ये त्या लिव्हरच्या जागी सामान ठेवण्याचा छोटा कप्पा असतो, आणि जुनी गाडी पाहायला गेल्यावर दोन्हींतला भेद ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे.

## ८. बुकिंगचे कागद

सोबत आधार कार्ड, पॅन कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे न्या. कर्ज घेणार असाल, तर वेतनचिठ्ठ्या किंवा आयकर विवरणपत्रे आणि बँकेचा खातेउतारा लागतो.

कागदांपेक्षा त्यांवर काय लिहिले आहे, ते महत्त्वाचे आहे. कोटेशन, बुकिंगची पावती आणि अंतिम बिल या तिन्हींवर व्हेरिअंटचे पूर्ण नाव लिहून घ्या. इंधन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह आणि छताचा प्रकार या चारही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. ‘थार एलएक्स डिझेल’ एवढ्यावर सही करू नका. गाडी पासिंगला जाण्यापूर्वी चेसिस क्रमांक बिलाशी ताडून पाहा, कारण नोंदणी झाल्यावर चूक सुधारणे फार जिकिरीचे होते.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे ‘आत्ता फोर-बाय-टू घ्या, पुढे फोर-बाय-फोर करून घेता येईल’ हा सल्ला. दोन चाकांच्या थारमध्ये ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शिअल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि पुढच्या चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट यांपैकी काहीही नसते. हे सर्व बसवण्याचा खर्च किमतीतल्या फरकापेक्षा सहज पुढे जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात तिचा कडक अर्थ लावला आहे. अशा गाडीचा अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. ज्याला पुढे कधी तरी फोर-बाय-फोर लागणारच आहे, त्याने ती आजच घ्यावी किंवा थोडे थांबावे.

## ९. गाडीसोबत ठेवायचे सामान आणि पहिल्या काही महिन्यांतली काळजी

दोन चाकांच्या गाडीत पुढील वस्तू कायम ठेवा, आणि फोर-बाय-फोर असली तरी ठेवा:

- गाडीच्या वजनाला पुरेसा टो-पट्टा आणि तो अडकवायच्या दोन कड्या (शॅकल)
- टायरमधील हवा मोजायचे गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर
- छोटे फावडे, जाड हातमोजे आणि टॉर्च
- चाकाखाली घालायच्या ट्रॅक्शन पट्ट्या किंवा भक्कम लाकडी फळ्या

टो-पट्टा कंपनीने दिलेल्या हुकलाच अडकवा. बंपरला किंवा सस्पेन्शनला बांधलेला पट्टा तुटला, तर त्याचे टोक माणसाचा जीव घेण्याइतक्या जोराने सुटते, म्हणून ओढताना आजूबाजूला कोणालाही उभे राहू देऊ नका.

भुसभुशीत जागी शिरण्यापूर्वी टायरमधील हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत कमी करा. त्याने टायर पसरतो आणि दोन चाकांची गाडीही आश्चर्य वाटावे इतकी पुढे जाते. डांबरावर परतताच दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे हवा पुन्हा भरा, नाहीतर वेगात टायर तापून फुटण्याचा धोका असतो. चाक फिरू लागले की एक्सलरेटर सोडा. तसेच दाबत राहिल्यास चाक स्वतःचा खड्डा स्वतःच खणते आणि ॲक्सल टेकल्यावर ढकलण्याचाही उपयोग होत नाही.

फोर-बाय-फोर घेतली असेल, तर महिन्यातून एकदा सैल मातीच्या सरळ वाटेवर फोर-हाय लावून थोडे अंतर चालवा, म्हणजे आतले भाग वंगणात राहतात आणि लिव्हर आखडत नाही. फोर-लोमध्ये जाण्यापूर्वी गाडी पूर्ण थांबवून गिअर न्यूट्रलमध्ये आणा. सर्व्हिसिंगच्या वेळी ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शिअलचे तेल तपासले का, हे जॉब कार्डवर लिहून घ्या. दोन चाकांच्या गाडीला हे दोन्ही भागच नसल्याने तिच्या बिलात त्यांचा खर्च लावला गेला असेल, तर तो तिथल्या तिथे काढून घ्यायला सांगा.